वजन तेच

वहीला मेणकापडाचं वेष्टन. आत बाबांचं
डावीकडे कललेलं अक्षर, पेन्सिलीचं.
सतराव्या पानावर:
शिसं, वरून तांब्याचं कवच. अकरा ग्रॅम सात.
वेग आठशे बारा. थंडीत थोडा कमी.
बरी.

तीस हिवाळ्यांच्या शिकारीवर
एवढाच शेरा.
माझ्या लग्नातही ते
याच शब्दावर येऊन थांबले होते.

कुह्मोत सप्टेंबर उतरणीला लागला की
सौनाच्या बाहेरच्या खोलीत बाक मांडायचे:
तराजू, चिमटा, पितळी पुंगळ्यांची लाकडी फळी,
दाराला आतून कडी.
दारूला शिवायचे ते फक्त या तराजूवर.
दुसऱ्या दारूने त्यांचा धाकटा भाऊ नेला होता.
एकेक कण असा टाकायचे
जणू कुणाचं जुनं देणं फेडताहेत.

यंदा बाक माझा.
तुइक्कू म्हणाली, आई, शिसं नको आता,
मांसात सांडतं ते,
उरलेलं गरुडांच्या पोटात जातं.
कायानीहून तिनं डबी आणली,
निव्वळ तांब्याच्या गोळ्या,
टांकसाळीतून आत्ताच निघालेल्या नाण्यांसारख्या.
एक तराजूवर ठेवली.
अकरा ग्रॅम सात.
वजन तेच, मी म्हटलं,
आणि सतरावं पान उघडून
हात दारूच्या डब्याकडे गेला.

शेजारचा ओइवा पाइक मासा द्यायला आलेला,
दारातच उभा, बुटांना दलदल.
बोलला नाही काही.
मासा खिडकीत ठेवला, हात पँटला पुसले,
जुनी गोळी उचलली, नवी उचलली,
बाकावर शेजारी शेजारी उभ्या केल्या.

नवी चांगली नखभर उंच.

तांबं शिशाहून हलकं.
तेवढंच वजन भरायचं तर
त्याला लांब व्हावं लागतं.
काडतुसाची लांबी मात्र ठरलेली,
म्हणून ते जास्तीचं नख
बाहेर डोकावत नाही, आत उतरतं,
दारूच्या खोलीत पाय पसरतं.
भिंती त्याच, जागा कमी.
शिवाय शिशासारखं दबून घेणं
तांब्याला ठाऊक नाही.
नळीच्या आट्यांतून ते
अंग चोरून जात नाही, अंग घासत जातं.
दाब चढतो भराभर.
वेग त्याच्यामागून, लंगडत.

"वेग यंत्रावर दिसतो," ओइवा म्हणाला,
"लाल आकड्यात, लगेच.
दाब नाही दिसत.
टोपी चपटी निघाली,
बोल्ट उचलताना मनगटाला अडला,
तर मागाहून कळतं, होता म्हणून.
आणि कधी तेव्हाही कळत नाही."
मग कॉफी मागितली.

मी पान मिटलं.
बाबांचा आकडा मला
दगडावरची रेघ वाटत आला होता.
तो त्या एका गोळीचा होता,
त्या एका बंदुकीचा,
आणि मऊ पडून वाट काढणाऱ्या
त्या एका माणसाचा.

टोळीत मला त्यांच्या जागी उभं करतात,
तळ्याच्या वरच्या अंगाला, तिसऱ्या बर्चपाशी.
अगदी बापावर गेलीस, म्हणतात.
मी मान हलवते.
उभ्या करून कोण बघतं शेजारी शेजारी?

गोळीच्या कारखान्याचा तक्ता घेतला,
सगळ्यात खालच्या ओळीपासून सुरुवात केली.
रेतीच्या खाणीत तुइक्कू यंत्रामागे बसली,
कानांवर माझी जुनी टोपरी.
एकेक पायरी, तीन तीन गोळ्या,
प्रत्येक रिकामी पुंगळी उन्हात धरून
टोपीची कड अजून गोल आहे ना, बघत.
सातशे एकोणऐंशीला मी थांबले.

"आजोबांचे आठशे बारा होते," ती म्हणाली.
होते.

वहीत अठरावं पान कोरंच होतं.
अक्षर माझं, उजवीकडे कललेलं:
तांबं. अकरा ग्रॅम सात. लांब.
वेग सातशे एकोणऐंशी. बोल्ट सैल.
आणखी एक पायरी चढायला जागा होती.
चढले नाही.